फुल फोटो काढजो, तायी

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या दर्यापूर तालुक्यात सोयरिकी निघतात, आणि माझ्या स्टुडिओत एकच मागणी सुरू होते. "तायी, फुल फोटो काढजो. साडीवर." हाफ फोटो बँकेला, कॉलेजच्या फॉर्मला. सोयरिकीला फुल. पायाच्या बोटांपासून गजऱ्यापर्यंत सगळं दिसलं पाहिजे, कारण समोरचे तेच पाहणार असतात: उंची किती, अंगानं कशी, रंगानं कशी. मुलगी पडद्यासमोर उभी राहिली की आई माझ्या पाठीमागून सूचना देत राहते. मान वर कर. पदर पुढे घे. हात झाक.

हात झाकायचं कारण कापूस. दसऱ्यापासून वेचणी चालू असते. वाळलेल्या बोंडांची टोकं नखांच्या कडा ओरबाडून ठेवतात. वेचणीला जाताना पोरी साडीवर, ड्रेसवर घरातल्या कुणाचा तरी जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवतात, तोंडाला दुपट्टा गुंडाळतात. त्यामुळे चेहरा वाचतो, दंड वाचतात, उघडे पंजे मात्र रापतात. पावडर लावताना चेहऱ्याकडेच लक्ष असतं, हात तसेच राहतात. मग आई म्हणते, पदराखाली घे.

हातांचं हे पुराण लावायचं कारण म्हणजे एक चित्र. लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, मी मोबाईलवर पाहिलेलं. म्युझियमच्या साइटवर बोटांनी मोठं करत करत पार नखापर्यंत जाता येतं. हेही सोयरिकीसाठी काढलेलं, हाही फुल फोटोच, फक्त १५३८ सालचा आणि तेलरंगातला. मुलीचं नाव क्रिस्टिना. डेन्मार्कच्या राजाची मुलगी, मिलानच्या ड्यूकची विधवा, वय १६. पाहणारा इंग्लंडचा राजा आठवा हेन्री. आणि फोटोवाला म्हणजे त्याच्या दरबारचा चित्रकार, हान्स होल्बाइन.

हेन्रीची तिसरी बायको जेन सेमूर ऑक्टोबर १५३७ मध्ये बाळंतपणानंतर बारा दिवसांनी वारली. मुलगा झाला होता, वाचलाही. तरी राजाच्या माणसांनी लगेच चौथीचा शोध सुरू केला. क्रिस्टिना तेव्हा ब्रसेल्सला आत्याकडे, नव्हे, मावशीकडे राहायची. (राजघराण्यांतली नाती लावताना माझा नेहमी गोंधळ उडतो. आईची बहीण, म्हणजे मावशीच.) ही मावशी बादशहाच्या, म्हणजे पवित्र रोमन साम्राज्याच्या पाचव्या चार्ल्सच्या वतीनं नेदरलँड्सचा कारभार पाहायची. तिथल्या इंग्लिश वकिलानं, म्हणजे राजदूतानं, जॉन हटननं, मुलीचं वर्णन आधीच कळवलं होतं: उंच आहे, हसली की दोन्ही गालांना आणि हनुवटीला खळ्या पडतात. आमच्याकडचा मध्यस्थ याहून वेगळं काय सांगतो? पण राजाला वर्णन पुरत नव्हतं. त्याला फोटो पाहिजे होता, आणि तोही आपल्या माणसानं काढलेला.

होल्बाइन ब्रसेल्सला पोचला आणि १२ मार्च १५३८ ला मुलगी त्याच्यासमोर बसली. दुपारी १ ते ४. तीन तास! गंमत म्हणजे हटननं दुसऱ्या कुणाकडून काढून घेतलेलं एक चित्र त्याआधीच लंडनला रवाना केलं होतं. होल्बाइनचं काम पाहिलं आणि त्यानं ते पहिलं चित्र वाटेतूनच माघारी बोलावलं. याच्यापुढे ते नुसतं फराटलेलं आहे, असं त्याचं मत पडलं.

तीन तासांत तेलरंगातलं माणसाच्या उंचीचं चित्र होत नाही, हे सांगायला चित्रकार लागत नाही. तीन तासांत त्यानं काढलं ते रेखाटन. ते आज उरलेलं नाही, पण त्याची रीत कळते, कारण त्याच्या हातची सुमारे ८० रेखाटनं इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात विंडसरला आहेत. गुलाबीसर थर दिलेल्या कागदावर रंगीत खडूनं चेहरा, शाईनं डोळ्यांच्या, ओठांच्या कडा, आणि कपड्यांच्या जागी नुसत्या चार रेघा. कुठे कुठे त्याच रेघांच्या शेजारी जर्मनमध्ये बारीक अक्षरात टिपण असतं, हे मखमल, हा रंग लाल. पुढचं काम घरी जाऊन.

हे वाचलं आणि मला बाबांची पाकिटं आठवली. रंगीत फिल्म महाग होती तेव्हा बाबा यशिका कॅमेऱ्यावर ब्लॅक अँड व्हाइट काढायचे आणि गिऱ्हाइकाला पाहिजे असेल तर प्रिंट हातानं रंगवून द्यायचे. निगेटिव्ह ठेवायच्या पाकिटावर त्यांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं असायचं: साडी मोरपंखी, काठ जांभळा, ब्लाऊज पिवळा, टिकली लाल. मुलगी गावाला निघून गेलेली असायची. रात्री कापसाचा बोळा काडीला गुंडाळून बाबा तिच्या साडीत रंग भरायचे. चेहऱ्याला कमी, अगदी कमी. "चेहऱ्यात रंग भरला का पोट्टी बाहुली दिसते," म्हणायचे. कापड रंगवताना चुकलं तर चालतं, चेहऱ्यावर चुकलं तर सोयरीक जाते.

तर क्रिस्टिना. चित्राची उंची १७९ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ८२. म्हणजे दाराच्या चौकटीत एक बाई उभी आहे आणि आपण उंबऱ्याच्या अलीकडे. मागे काही नाही. महाल नाही, पडदा नाही, खांब नाही, फुलदाणी नाही, नुसती हिरवट निळी भिंत. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे पहिल्यांदा खटकतं. आम्ही मागे धबधबा लावतो, बाग लावतो, शेजारी स्टूल ठेवून त्यावर प्लास्टिकची फुलं ठेवतो. स्टुलाचा उपयोग असतो म्हणा, त्याच्यावरून उंचीचा अंदाज येतो. इथे अंदाज घ्यायला फक्त तीच.

अंगात गळ्यापासून जमिनीपर्यंत काळा रेशमी झगा, आतून तपकिरी केसाळ अस्तर. डोक्याला काळी टोपी, एक केस बाहेर नाही. गळ्याशी आणि मनगटाशी पांढऱ्या झालरीची बारीक पट्टी. मग या सगळ्या काळ्यात दोनच उजेडाच्या जागा उरतात: चेहरा आणि हात. हात पोटाशी सैल धरलेले. हातमोजे काढून हातात घेतलेत. बोटात लाल खड्याची एकच अंगठी. दागिना म्हणून एवढंच. खळ्या तर दिसतच नाहीत, कारण ती हसत नाही. हसायच्या जरा अलीकडे थांबली आहे. वकिलानं पत्रात ज्या खळ्यांचं एवढं कौतुक केलं, त्या फोटोवाल्यानं चित्रात घेतल्याच नाहीत! आमच्याकडची आई म्हणाली असती, "जराशी हास ना वं." आणि मीही म्हणाले असते.

आता काळ्या कपड्यांचं. ते सुतकाचे आहेत, विधवेचे. ११ वर्षांची असताना तिचं लग्न मिलानच्या ड्यूकशी लावलं, तेही नवरा समोर नसताना, त्याच्या वतीनं दुसऱ्याला उभं करून. १५३५ मध्ये तो वारला. तिला धड १४ वर्षंही झाली नव्हती. दोन-अडीच वर्षांनी तिला बघायला दुसऱ्या राजाचा माणूस येतो तेव्हाही ती इटलीच्या रीतीचा शोकाचाच पोशाख घालून उभी राहते. हे तिनं ठरवलं की मावशीनं, देव जाणे. सोयरिकीच्या फोटोत काळा रंग! आमच्याकडे काळी साडी नेसून कुणी आली तर आई तिला गेटवरूनच परत नेईल.

माझ्याकडे अशी एक आली होती. काळ्या साडीतली नव्हे, दुसऱ्या लग्नाच्या फोटोसाठी. सोबत भाऊ आणि आई. नवरा कशानं गेला हे आमच्या भागात विचारत नाहीत, शेती किती होती एवढं विचारलं की बाकीचं कळतं. फिकी निळी साडी, कानात बारीक रिंगा. मी लाइट लावले, छत्री फिरवली, आणि तिनं विचारलं, "तायी, टिकली लावू का नोको?" भाऊ म्हणाला, लाव. आई म्हणाली, नोको, लोक काय म्हणतीन. दोघांचं चांगलंच जुंपलं. ती मधे उभी. मी म्हटलं, दोन्ही काढते, पैसे एकाचेच द्या. आधी बिनटिकलीचा काढला. मग तिनं माझ्या आरशावर गिऱ्हाइकांनी चिकटवून ठेवलेल्या टिकल्यांतली एक मरून उचलली, लावली, दुसरा काढला. दोन्ही प्रिंट हातात आल्यावर भाऊ टिकलीवाला पाकिटात घालायला लागला तर तिनं तो काढून घेतला. "पाहुण्यांले तो दुसरा दे. हा माह्या पोराले ठेवाचा हाये. त्यानं मले टिकलीत पाह्यलंच नाही."

पाहुण्यांकडे बिनटिकलीचा फोटो गेला. आई तोंड वाकडं करून पैसे देऊन गेली. खरं तर तिचंच म्हणणं राहिलं होतं, तरीही.

लंडनला काय झालं ते बादशहाच्या वकिलाच्या पत्रात आहे. चित्र पाहिल्यापासून राजा एकदम खुशीत, दिवसभर वाजंत्री वाजवून घेतोय. मुलगी पसंत! तरीही लग्न झालं नाही, आणि त्याची कारणं ऐकली तर आमच्या गावच्या बैठकीत बसल्यासारखं वाटतं. नातं आडवं आलं. क्रिस्टिना ही हेन्रीच्या पहिल्या बायकोच्या सख्ख्या बहिणीची नात. एवढ्या जवळच्या नात्यात लग्न करायचं तर पोपची परवानगी पाहिजे, आणि पहिल्या बायकोला सोडण्याच्या भानगडीत हेन्रीनं पोपशीच संबंध तोडलेले. त्यात जून १५३८ मध्ये बादशहा आणि फ्रान्सचा राजा यांच्यात तह झाला, मग इंग्लंडच्या जावयाची बादशहाला गरज उरली नाही. मला दोन मुंडकी असती तर एक राजाला दिलं असतं, असं क्रिस्टिना म्हणाल्याचं सगळीकडे सांगतात. ऐकायला झकास आहे, पण ती मागाहून चिकटलेली दंतकथा. तसंही असलं वाक्य त्या चित्रातल्या बाईला शोभत नाही. ती एवढं बोलणारी वाटत नाही.

याच राजानं त्याच वर्षी फ्रान्सकडे निरोप पाठवला होता की तुमच्याकडच्या चार चांगल्या मुली कॅलेला आणा, मी एकदाच सगळ्या बघतो. तिकडून उत्तर गेलं की विकायच्या घोड्यांसारख्या आमच्या घरच्या मुली ओळीत उभ्या करायची आमच्यात रीत नाही. आमच्याकडे परिचय मेळाव्यात स्टेजवर नंबरानं बोलावतात, माइकवर नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा. परिचय पुस्तिकेतले कितीतरी फोटो मीच काढलेले असतात. त्यामुळे फ्रान्सच्या राजाचं उत्तर वाचून मला आनंद झाला तो पूर्ण नव्हता.

होल्बाइनचं नाव मात्र लोकांना क्रिस्टिनामुळे कमी आणि पुढच्या भानगडीमुळे जास्त माहीत आहे. १५३९ मध्ये त्याला जर्मनीत ड्यूरेनला धाडलं, क्लीव्ह घराण्याच्या दोन बहिणी काढायला, ॲन आणि अमालिया. ॲनचं चित्र आज पॅरिसला लूव्रमध्ये आहे. चर्मपत्रावर काढलेलं, आकारानं लहान, प्रवासात नेण्यासारखं. लाल झगा, जरीच्या पट्ट्या, मोत्यांची टोपी, हात एकावर एक, आणि चेहरा समोरून, अगदी सरळ. राजानं होकार दिला. १५४० च्या १ जानेवारीला राजा वेष बदलून रॉचेस्टरला तिला भेटायला गेला. ती खिडकीतून बाहेरचा बैलाचा खेळ बघत होती, या अनोळखी जाड्या माणसाकडे तिनं फारसं लक्ष दिलं नाही. राजा बाहेर येऊन म्हणाला, मला ही आवडली नाही. तरी ६ जानेवारीला लग्न लागलं आणि जुलैत मोडलं.

तेव्हापासून सगळे म्हणतात की चित्रकारानं फसवलं. मला हे वाक्य ऐकवत नाही. वॉटन नावाचा इंग्लिश वकील तिथे हजर होता, त्यानं दोन्ही बहिणींना पाहिलं होतं आणि होल्बाइननं त्या हुबेहूब उतरवल्यात असं कळवलं होतं. राजानंही होल्बाइनला शिक्षा केली नाही. ज्यानं सोयरीक जुळवली तो मंत्री, थॉमस क्रॉमवेल, त्याचं मुंडकं त्याच जुलैत उडालं. (आरोप वेगळे होते, पण ही सोयरीक अंगावर आली हे खरंच.) म्हणजे खुद्द राजालाही माहीत होतं की फोटोवाल्याचा दोष नाही. लोकांना मात्र अजून कळलेलं नाही.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं का लिहितेय तेही सांगते. एक सोयरीक साखरपुड्यानंतर मोडली आणि मुलाकडचे तिघे-चौघे माझ्या दुकानात आले. "हे फोटो तुम्हीच काहाडला न? फोटोत पोट्टी लय उंच दिसे." आता फुल फोटो कमरेच्या उंचीवरूनच काढतात. डोळ्याच्या उंचीवरून काढला तर पाय आखूड येतात, माणूस बुटका दिसतो. बाबांची यशिका तर होतीच पोटाशी धरून वरून बघायची. यात फसवणूक कसली, ही धंद्यातली साधी गोष्ट. शिवाय मुलगी यांनी प्रत्यक्ष पाहिली होती, पोहे खाल्ले होते, होकार दिला होता, पेढे वाटले होते. मोडण्याचं कारण दुसरंच होतं आणि ते अख्ख्या बाजाराला माहीत होतं. पण ते बोलता येत नव्हतं, म्हणून फोटो. मी चहा सांगितला नाही, एवढंच केलं.

तुम्ही दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहा. ॲनच्या चित्रात कपड्यांचं काम बघण्यासारखं आहे, एकेक मोती मोजून घ्यावा असं. ते चित्र मला सांगतं की ही सजवून उभी केलेली मुलगी आहे, आणि खरंच तशी ती होती. वकिलांनी तर तक्रारच केली होती की एवढ्या कपड्यांच्या आत मुलगी नीट दिसतच नाही. क्रिस्टिनाच्या चित्रात सजवायला काही नव्हतंच, म्हणून होल्बाइननं ती उभी राहिली तशी राहू दिली. पसंत करा अशी विनवणी त्या चेहऱ्यावर नाही. हात झाकलेले नाहीत. ऑर्डर राजाची होती, वर्षाला ३० पौंड पगार राजाचा होता, आणि तरी त्या चित्रात राजाच्या हाती लागेल असं काही नाही. मला हे जमलेलं नाही. आई मागे उभी असली की नाहीच जमत.

पुढे दोघींचंही वाईट झालं नाही. ॲनला लग्न रद्द झाल्यावर रिचमंडचा महाल मिळाला, "राजाची बहीण" असा मान मिळाला, आणि हेन्रीच्या साऱ्या बायकांत सगळ्यांत शेवटी, १५५७ मध्ये, ती गेली. क्रिस्टिनानं १५४१ मध्ये लॉरेनच्या राजपुत्राशी लग्न केलं, तोही चार वर्षांत वारला, मग लहान मुलासाठी तिनं काही वर्षं तिथला कारभार सांभाळला. १५९० पर्यंत जगली. होल्बाइन मात्र १५४३ मध्येच लंडनला वारला, बहुधा प्लेगनं.

आणि चित्र? ते हेन्रीनं परत केलं नाही. पुढे आणखी बायका केल्या, पण न झालेल्या या बायकोचा फुल फोटो मरेपर्यंत जवळ ठेवला. त्याच्या मागे महालातल्या सामानाची यादी झाली त्यात हे चित्र नोंदलेलं आहे. नंतर ते नॉरफोकच्या ड्यूकांकडे गेलं, आणि १९०९ मध्ये विक्रीला निघून देशाबाहेर जाणार तेवढ्यात ७२,००० पौंड जमवून नॅशनल गॅलरीसाठी घेतलं. त्यातले ४०,००० एका बाईनं दिले आणि नाव सांगू नका म्हणाली.

पूर्वी बायोडाट्याच्या तळाशी बाबा रबरी शिक्का मारून द्यायचे: "पसंती नसल्यास फोटो परत करावा." बरेच जण करायचे, पाकिटात घालून, वर दोन रुपयांचं तिकीट लावून. आता फोटो व्हॉट्सॲपवर जातो. मुलाच्या मामाकडे, मामाच्या साडूकडे, साडूच्या ग्रुपवर. मी पण आता पाठवताना खाली लिहिते, पसंती नसल्यास फोटो डिलीट करावा. परवा एका मामानं दुकानात येऊन विचारलं, "डिलीट केला हे तुले कसं समजीन?"

नाही समजत. लिहिते तरी. आणि त्या मामाला म्हटलं, दाखवा बरं तुमचा मोबाईल.